मोडायची परवानगी

मी आठ वर्षांचा असताना मामाने मुंबईहून रिमोटची लाल गाडी आणली होती. रिमोटला बटणं दोनच. एक दाबलं की गाडी सरळ पुढे जायची, दुसरं दाबलं की मागे येता येता एका बाजूला वळायची. तेव्हाच्या स्वस्त रिमोट गाड्या अशाच असायच्या. वळायचं असेल तर आधी मागे यावं लागायचं. पहिल्याच दिवशी ती पलंगाच्या पायावर आपटली आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "बास आता. फुटंल ती." संध्याकाळी पप्पा ड्युटीवरून आले. त्यांनी गाडी उलटसुलट करून बघितली, फडक्याने पुसली आणि शोकेसमध्ये ठेवून दिली. टीव्हीच्या वर, काचेच्या बाहुलीशेजारी.

त्यानंतर ती मी पाच-सहा वेळा चालवली असेन. पाहुणे आले की गाडी खाली निघायची, हॉलमध्ये दोन फेऱ्या व्हायच्या, पाहुण्यांचं "भारी आहे हो" म्हणून झालं की पुन्हा वर. मग एका उन्हाळ्यात आतले पेन्सिल सेल पाझरले. झाकण उघडलं तेव्हा पत्र्याच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढला होता. गाडी बंद पडली ती पडलीच. तिच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. ती कधी मोडली नाही, तरी संपली.

वीस वर्षांनी मी पुन्हा एक रिमोटची गाडी घेतली. ही गोष्ट तिची आहे, आणि तिच्यामुळे डोक्यात अडकलेल्या एका प्रश्नाची: वस्तू मोडायची परवानगी नक्की कोणाला असते?

*

आम्ही बजाजनगरात राहतो, वाळूज एमआयडीसीला लागून. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने आजूबाजूला उभे राहिले. मराठवाड्यातल्या गावागावांतून आयटीआय केलेली पोरं इथे आली. पप्पा त्यांतलेच एक. मी इंजिनिअरिंग केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये गेलो. कंपनी पुण्यात आहे, पण महिन्यातले बरेच दिवस मी घरूनच काम करतो. दिवसभर स्क्रीन, संध्याकाळीही स्क्रीन. एकदा रात्री रील्स बघता बघता एक छोटी बग्गी धूळ उडवत उडी मारताना दिसली. दहा दिवस मी त्याच विषयाचे व्हिडिओ बघत होतो आणि अकराव्या दिवशी ऑर्डर टाकली.

एका चिनी कंपनीची १:१४ मापाची बग्गी. म्हणजे खऱ्या गाडीच्या चौदाव्या हिश्श्याएवढी, साधारण फूटभर लांब. चारही चाकांना ताकद. किंमत साडेअकरा हजार. घरी सांगितलं, अडीच हजार.

खोटं का बोललो? पगार माझा, खर्च माझा, घराचा हप्ताही मीच भरतो. तरीही साडेअकरा हजार हा आकडा तोंडातून निघेना. आमच्या घरात साडेअकरा हजारांचं वॉशिंग मशीन येऊ शकतं, खेळणं येऊ शकत नाही.

पप्पांनी ते खोटं तीन दिवसांत पकडलं. मी मागचं चाक खोलून बसलो होतो. ते चहा घेऊन शेजारी आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाले, "अडीच हजारात एवढी बेअरिंगं येतात का रे? डझनभर तर मीच मोजली."

मी खरी किंमत सांगितली. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गाडीकडे बघत राहिले. मग विचारलं, "आणि उपयोग काय हिचा?"

*

या प्रश्नाला मी आधी जी उत्तरं दिली ती सगळी सारवासारवीची होती. म्हटलं, ताण कमी होतो. म्हटलं, इलेक्ट्रॉनिक्स शिकायला मिळतं. हे दोन्ही खरं आहे, पण दोन्ही उत्तरांत मी खेळाला कामाचे कपडे घालत होतो. जणू खेळ स्वतःच्या नावावर घरात येऊ शकत नाही, त्याला कुठल्यातरी उपयोगाची चिठ्ठी घेऊनच यावं लागतं. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथे असं वाटणं साहजिक आहे. पण खरं उत्तर मला त्या गाडीच्या रचनेतच सापडलं, आणि ते सापडायला ती मोडावी लागली.

ज्यांना या नादाला लागायचंय त्यांच्यासाठी इथे थोडी माहिती देतो, कारण माझा मुद्दाही त्यातूनच निघतो. रिमोटच्या गाड्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक खेळण्याच्या दुकानातला. त्यात रिसीव्हर, मोटरचं नियंत्रण, सगळं एकाच सर्किट बोर्डावर असतं. एक भाग गेला की पूर्ण गाडी कचऱ्यात, कारण तो भाग सुटा मिळतच नाही. दुसरा प्रकार शौकिनांचा. त्यात प्रत्येक गोष्ट वेगळी असते. रिमोटचा इशारा पकडणारा रिसीव्हर, मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा स्पीड कंट्रोलर, पुढची चाकं वळवणारी सर्व्हो नावाची छोटी मोटर, मुख्य मोटर, गिअर, डिफरन्शियल, तेल भरलेले शॉकअप. यातलं काहीही चार स्क्रू काढून बदलता येतं. म्हणून जुने शौकीन नवख्याला पहिला सल्ला देतात तो वेगाबद्दल नसतो. ते म्हणतात, गाडी घेण्याआधी तिचे सुटे भाग मिळतात का ते बघ. कारण पहिल्या आठवड्यात काहीतरी मोडणारच आहे.

हे मला आधी विचित्र वाटलं. विकत घेतानाच मोडण्याचा हिशोब? पण ही गाडी बनवणाऱ्यानेही तो हिशोब आधीच केलेला असतो. पुढचं चाक दगडावर आपटलं तर धक्का थेट सर्व्होच्या नाजूक गिअरपर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये सर्व्हो सेव्हर नावाचा स्प्रिंगचा भाग असतो. धक्का बसला की तो तात्पुरता वळतो. चाक धरून ठेवणारा आर्म प्लास्टिकचा असतो. तो मुद्दाम असा ठेवलेला असतो की मोठ्या आपटीत आधी तो तुटावा आणि धातूची चॅसी वाचावी. शेदोनशे रुपयांचा भाग हजारोंच्या भागासाठी बळी जातो.

हे मी पप्पांना दाखवलं तेव्हा ते एकदम सावरून बसले. "हे तर शिअर पिनचं तत्त्व," ते म्हणाले. प्रेसवर लोड जास्त झाला तर मशीन मोडू नये म्हणून एक पिन मुद्दाम कमजोर ठेवतात. ती तुटते आणि मशीन वाचतं. ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरलाही तसा बोल्ट असतो. शेतात दगड लागला की बोल्ट तुटतो, गिअरबॉक्स वाचतो. शेतकरी खिशात दोन बोल्ट जास्तीचे घेऊनच निघतो.

"मग तो बोल्ट तुटला की कोणी रागावतं का?" मी विचारलं.

"बोल्टवर कोण रागावणार? तो तुटण्यासाठीच असतो."

*

यानंतर पप्पांनी एक गोष्ट सांगितली, जी मी घरात कधी ऐकली नव्हती. नव्वदच्या दशकात, ते नवीन असताना, त्यांच्या पाळीत प्रेसवरची एक डाय फुटली. डाय म्हणजे तो साचा, ज्यात पत्रा दाबून भाग तयार होतो. ती आधीच झिजलेली होती असं सगळे म्हणत होते, पण फुटली ती यांच्या हातात. मेमो मिळाला. त्या वर्षीची पगारवाढ अडकली. कायम होण्याचं पुढे गेलं. आईला त्यांनी एवढंच सांगितलं होतं की यंदा कोणाचीच पगारवाढ झाली नाही.

ती डाय फुटली त्यानंतर काही वर्षांनी माझी लाल गाडी शोकेसमध्ये गेली. या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या. मला वाटायचं आमचं घर कंजूष आहे. पण पप्पांनी गाडी पुसून वर ठेवली तो कंजूषपणा नव्हता. ज्या माणसाच्या हातून एक वस्तू फुटली आणि वर्षभराची मिळकत गेली, त्याच्यासाठी वस्तू मोडणं म्हणजे शिकणं नसतं, शिक्षा असते. आणि मुलाला शिक्षेपासून लांब ठेवायचं तर वस्तूला त्याच्यापासून लांब ठेवावं लागतं.

आता माझं बघा. नोकरी लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी एक कमांड चुकीच्या ठिकाणी चालवली आणि टेस्टिंगचा अख्खा डेटाबेस उडवला. घाम फुटला. सीनिअरला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "स्टेजिंग आहे रे. मोडायलाच ठेवलंय." अर्ध्या तासात सगळं परत उभं राहिलं आणि मी पुन्हा ती चूक केली नाही.

तेव्हा वाटलं, आमचं क्षेत्र किती मोकळं. आता कळतं की ते मोकळेपण फुकट नाही. त्या स्टेजिंग सर्व्हरचं भाडं कंपनी दर महिन्याला भरते. माझ्या चुकीची किंमत कोणीतरी आधीच मोजून ठेवलेली होती, म्हणून मला ती भरावी लागली नाही. पप्पांच्या चुकीची किंमत कोणी मोजून ठेवली नव्हती, म्हणून ती त्यांच्या पगारातून गेली. माणूस हुशार की वेंधळा, हा फरक बऱ्याचदा एवढाच असतो: एकाच्या पायाखाली स्टेजिंग होतं, दुसऱ्याच्या नव्हतं.

म्हणून पप्पांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. या गाडीचा उपयोग हा, की ती मोडता येते. मोडली तर मला कोणी मेमो देत नाही. काय चुकलं ते बघता येतं, भाग बदलता येतो आणि पुन्हा आपटवता येते. खेळणं या शब्दाची मला सुचलेली सगळ्यात प्रामाणिक व्याख्या हीच: जिला मोडायची परवानगी आहे ती वस्तू. ही परवानगी काढून घेतली की उरते ती शोभेची वस्तू, मग तिला चाकं का असेनात.

*

ही अडचण जुनी आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक'चं नाव ज्यावरून पडलं ती मातीची गाडी आठवा. देवलांनी ते नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणलं. चारुदत्त गरीब झालेला. त्याचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळून आलाय आणि आता दासीने दिलेली मातीची गाडी त्याला नको आहे. तो रडतो. वसंतसेना आपले दागिने उतरवून मातीच्या गाडीत ठेवते: जा, याची सोन्याची गाडी करून घे.

प्रसंग मायेचा आहे. पण पुढे तेच दागिने न्यायालयात चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात आणि त्याला वधस्तंभापर्यंत नेतात. मला नेहमी वाटतं की रोहसेनाला ती सोन्याची गाडी मिळाली असती तर त्याने ती कशी चालवली असती? कोणी चालवू दिली असती? सोन्याची गाडी चिखलात नेता येत नाही, उतारावरून सोडता येत नाही. ती शोकेसमध्येच जाणार. मातीची फुटली तर दुपारी दुसरी करता येते. खेळण्याच्या कसोटीवर मातीची गाडीच श्रीमंत होती, फक्त शेजारच्या पोराकडे बघून हे कळायला मार्ग नव्हता.

आमच्याकडून पुण्याला जाताना कायगाव टोक्याला गोदावरीचा पूल लागतो. तिथे प्रवरा गोदावरीला मिळते. त्या प्रवरेच्या काठावर, थोडं वरच्या बाजूला, दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे चार कांस्यमूर्ती सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ, हाकणाऱ्या माणसासकट. रथ साधारण ४५ सेंटिमीटर लांब, म्हणजे आजच्या १:१० मापाच्या मॉडेल कारएवढा. अभ्यासक त्यांना सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. या मूर्ती कशासाठी होत्या यावर मात वेगवेगळी आहेत. मिरवणुकीसाठी, पूजेसाठी, असे तर्क केले जातात. मला त्या रथाकडे बघून एकच प्रश्न पडतो. कांस्य महाग, ओतकाम कसबी हाताचं. अशी गाडी एखाद्या लहान मुलाने ओढायला मागितली असेल, तर त्याला ती दिली असेल का?

*

इथपर्यंत मी फार समजूतदार वाटत असेन. आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती सांगतो.

आमच्या गल्लीमागे एक मोकळा प्लॉट आहे. मी तिथे संध्याकाळी गाडी चालवतो. शेजारी अपार्टमेंटचं बांधकाम चालू होतं आणि तिथल्या मजुरांची चार-पाच पोरं रोज कठड्यावर बसून बघायची. त्यांतला एक, नऊ-दहा वर्षांचा, गाडी उलटली की माझ्याआधी पळत जाऊन सरळ करायचा. एक दिवस त्याने विचारलं, "भैय्या, एक राउंड दो ना."

मी दिला. त्याला सांगितलं की गाडी आपल्याकडे तोंड करून येत असेल तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. प्रत्येक नवखा इथेच फसतो. मनाने गाडीत जाऊन बसावं लागतं, मगच जमतं. त्याला पहिल्या पाच मिनिटांत जमलं, जे मला चार दिवस लागले होते. मग त्याने ट्रिगर पूर्ण ओढला. गाडी सरळ कठड्यावर गेली आणि पुढचा उजवा आर्म मुळातून तुटला.

पोराने रिमोट हळूच जमिनीवर ठेवला. दोन पावलं मागे सरकला, हात पाठीमागे घेतले. म्हणाला, "मैं नई करा, भैय्या."

मी म्हणालो, "कोई बात नहीं." पण म्हणायला एक क्षण उशीर झाला. त्या क्षणात मी गाडी उचलली, चाक हलवून बघितलं आणि माझा चेहरा जसा व्हायचा तसा झाला. पोरांना शब्द नंतर कळतात, चेहरा आधी कळतो. दुसऱ्या दिवशी ती कठड्यावर नव्हती. तिसऱ्या दिवशी बाकीची आली. तो आला नाही.

जो भाग तुटण्यासाठीच बनवलेला आहे तोच तुटला होता. दोनशेचाळीस रुपयांची जोडी. माझ्या हातून तो तुटला असता तर मी फोटो काढून मित्रांना पाठवला असता. त्याच्या हातून तुटला आणि माझ्या चेहऱ्यावर मेमो छापला गेला. पप्पांच्या डायची गोष्ट ऐकून मला जो संताप आला होता, तो या प्लॉटवर माझ्या काहीही कामाला आला नाही. परवानगी मी त्याला रिमोटसोबत दिलीच नव्हती. मी फक्त रिमोट दिला होता.

नवीन आर्म ऑनलाइन मागवला. खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ साली ७०. हे देशी खेळण्यांसाठी बरं असेल, पण माझ्यासारख्याला बाहेरून येणाऱ्या भागांसाठी जास्त पैसे आणि बराच धीर लागतो. तीन आठवडे गेले. मी ठरवलं होतं की भाग आला की प्लॉटवरच पान्हे घेऊन बसायचं, त्या पोराला बोलवायचं आणि त्याच्याच हातांनी तो बसवून घ्यायचा. म्हणजे त्याला दिसेल की मोडणं म्हणजे शेवट नाही, चार स्क्रूंचं काम आहे.

भाग आला तेव्हा स्लॅबचं काम संपलं होतं. पत्र्याच्या खोल्या निघाल्या होत्या. कुटुंबं दुसऱ्या साइटवर गेली होती; कुठे, ते वॉचमनलाही सांगता आलं नाही. तो पोरगा कुठेतरी मोठा होईल आणि त्याच्या आठवणीत एक गाडी असेल जी त्याने मोडली. ती दुरुस्त झाली हे त्याला माहीत नसेल.

*

मग माझं म्हणणं असं आहे का की सगळ्यांना सगळं मोडू द्यावं? नाही. उलट, या छंदाने परवानगीची हद्द मला जास्त स्पष्ट दाखवली.

माझ्या गाडीत लिथियम पॉलिमरची दोन सेलची बॅटरी आहे, ७.४ व्होल्टची. तिचे नियम कडक आहेत. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही, ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही, बरेच दिवस वापरायची नसेल तर साधारण ३.८ वर ठेवायची. दोन्ही सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जर वापरायचा. चार्जिंगला लावून झोपायचं नाही, बाहेर जायचं नाही. फरशीवर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब लावायची. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. हे नियम मोडले तर आग लागू शकते, आणि आग फक्त माझ्या खोलीत राहत नाही. वरच्या मजल्यावर काकू राहतात. त्यांच्या घराच्या वतीने मी स्वतःला परवानगी देऊ शकत नाही.

वेगाचंही तसंच. गाडी ताशी ५० किलोमीटरने पळाली तर सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. तुम्ही दचकून ब्रेक दाबायला पाव सेकंद घेतला तरी तोवर ती तीन-साडेतीन मीटर पुढे गेलेली असते. किलोभराहून जड वस्तू या वेगाने एखाद्या आजोबांच्या घोट्यावर बसली तर तिथे मोडणारा आर्म प्लास्टिकचा नसतो. म्हणून रस्त्यावर चालवायची नाही, माणसं फिरतात तिथे चालवायची नाही, आणि नवख्याच्या हातात देताना रिमोटवर वेगाची मर्यादा असेल तर ती आधी कमी करायची. जोहान हॉयझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली 'होमो लुडेन्स' या पुस्तकात मांडलं की खेळ रोजच्या व्यवहारातून बाजूला आखलेल्या जागेत आणि वेळेत घडतो. ती आखणी मला आता नैतिक वाटते. रेघेच्या आत जे मोडेल त्याची भरपाई खेळणारा करू शकतो. रेघेबाहेरच्याने खेळायला होकार दिलेला नसतो.

म्हणजे मोडायची परवानगी दोन अटींवर. जे मोडेल ते दुरुस्त होण्यासारखं किंवा भरून निघण्यासारखं असावं, आणि भरपाई परवानगी देणाऱ्याने करावी, ज्याचा हात तिथे होता त्याने नव्हे. दुसरी अट आपण नेहमी विसरतो. कारखान्यात, शाळेच्या प्रयोगशाळेत, घरात काचेचा ग्लास फुटतो तेव्हाही.

आईच्या पिढीच्या जपणुकीबद्दल मला आता तुच्छता वाटत नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या बायका काही फेकत नव्हत्या कारण नवीन येणार नव्हतं. वापरून फेकणारे आपण त्यांच्यापेक्षा मोकळे आहोत असं समजण्यात काही अर्थ नाही. न वापरता जपणं आणि वापरून फेकणं, दोन्हीत वस्तू उघडून बघायची वेळ येत नाही. गोधडीत मात्र दोन्ही आहे. ती रोज अंगावर असते, विरते आणि पुन्हा ठिगळ घेते. माझ्या बग्गीच्या तुटक्या शेपटीला मी टाचणीने भोकं पाडून नायलॉनच्या दोऱ्याने टाके घातलेत. आई ते बघून म्हणाली, "टाका जरा जवळ जवळ घाल." एवढंच. पण तिने गाडी हातात घेतली होती.

*

नवीन आर्म शेवटी मी आणि पप्पांनी बसवला. त्यांनी स्क्रू आवळताना मला थांबवलं, प्लास्टिकमध्ये जास्त आवळला तर आटे जातात म्हणाले. मग आम्ही प्लॉटवर गेलो आणि मी रिमोट त्यांच्या हातात दिला.

ते चालवतात सुंदर. डावं-उजवं उलटं होण्याचा गोंधळ त्यांना झालाच नाही. इतकी वर्षं मशीनवर हात बसलेला. पण ट्रिगर ते पाव भागाच्या पुढे ओढत नाहीत. कठड्यापासून दोन हात लांबून वळवतात, खड्डा दिसला की थांबवतात, दगड असेल तर जाऊन बाजूला करून येतात. मी म्हटलं, पप्पा, पळवा की, आर्मची एक जोडी जास्तीची आहे घरात. ते म्हणाले, "हो, हो," आणि पुन्हा तसंच.

आता दर रविवारी ते येतात. मागच्या आठवड्यात ट्रिगर अर्ध्यापर्यंत आला होता. गाडी अजून एकदाही आपटलेली नाही. जास्तीचा आर्म माझ्या खिशात असतो.